चौदाव्या पानावरची पिशवीवाली

मित्रांनो, शिशाची एक जुनी बाई तुमच्याशी बोलते आहे. माझी उंची सव्वा इंच. दोन हातांत दोन पिशव्या, आणि आडवी पडू नये म्हणून पायाखाली चकती. आजवर मी साठाहून जास्त लढाया पाहिल्या आहेत, त्याही अगदी मधोमध उभं राहून. माझ्याकडे बंदूक नाही, चिलखत नाही, पदक तर नाहीच. मला फक्त घरी जायचं होतं, आणि एकसष्ट लढायांत ते एकदाही जमलं नाही.

ज्यांनी मला घडवलं त्यांना घरातली मुलगी बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत रमतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. बाबांनी युद्धाला हात घातला. युद्ध टेबलावरचं, पण राजे आणि घोडे यांचं नव्हे, तर आजच्या काळातलं. एक गल्ली, दोन्ही बाजूंना सहा-सहा बोटभर सैनिक, फासे आणि शिवणकामाची टेप. सैनिक एका फेरीत किती इंच चालेल, त्याला कोपऱ्यावरून काय दिसेल, गोळी लागली की हुकली, हे ठरवणारे नियम बाबा स्वतः लिहीत होते. जेवणाच्या टेबलावर खोक्यांची गल्ली उभी राहिली. नोकरीची सवय सुटेना, म्हणून प्रत्येक खोक्याला पेन्सिलीनं पाण्याची जोडणीही दाखवली होती.

नियम लिहिले की ते खेळून पाहावे लागतात. त्यासाठी दर शनिवारी दुपारी बाबांचे दोन मित्र यायचे. एक दातांचे डॉक्टर, दुसरे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पहिल्या मसुद्यात बाबांनी भीतीचा नियम घातला होता. गोळी जवळून गेली की सैनिक आडवा पडणार, आणि उठायला फाशावर सहा पडायला हवेत. दहा मिनिटांत बाराच्या बारा सैनिक आडवे झाले. पुढचे दोन तास तिघं नुसते फासे टाकत बसले.

आई ताटं मांडायला आली. "अहो, हे सगळे झोपलेत का?"

"घाबरलेत," बाबा म्हणाले.

"शहाणे आहेत. पण काय हो, एवढ्या मोठ्या गल्लीत राहत कोणीच नाही? घरं आहेत, दुकान आहे, नळसुद्धा दिलेत. मग पाणी भरतं कोण?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी जेवणं उशिरा झाली, आणि दुसऱ्या दिवशी माझा जन्म सुरू झाला.

बाबांनी आईला दोन पिशव्या घेऊन उभं केलं आणि लुकणाचा गोळा कोरायला घेतला. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला हलू दिलं नाही. मी तयार झाल्यावर आईनं मला चष्मा लावून पाहिलं.

"माझी कंबर एवढी आहे?"

"प्रमाणात आहे," बाबा म्हणाले. सगळा जन्म मापं घेण्यात गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार! दोन दिवस घरात फक्त चमच्यांचा आवाज होता.

डॉक्टरांनी दातांचे ठसे घेण्याच्या लगद्यातून माझा साचा काढला. त्यात वितळलेलं शिसं ओतताना ते सवयीनं म्हणाले, "थोडं गरम लागेल हं." मित्रांनो, थोडं नव्हतं.

माझा नियम साधा होता. प्रत्येक फेरीच्या शेवटी फासा टाकायचा, आणि जेवढा आकडा पडेल तेवढे इंच मी दुकानाकडून गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घराकडे चालायचं. मला गोळी लागली तर दोन्ही बाजू हरल्या. बाबांना वाटलं, आता हे दोघं जपून लढतील. मास्तरांनी मात्र सहाच्या सहा सैनिक माझ्यामागे एका ओळीत उभे केले.

"हे काय?" डॉक्टर ओरडले. "बाईच्या पदराआड लपतोस?"

"नियमात नाही म्हटलेलं नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकून ऐकून ते स्वतःच तरबेज झाले होते.

मग डॉक्टरांनी आपले सहा माझ्यापुढे आणून उभे केले. युद्धाची मिरवणूक झाली. बारा हत्यारबंद माणसं आणि मधे मी.

बाबांनी नियम बदलून पाहिले. चौथ्या मसुद्यात सैनिक जवळ आला की मी थांबायची. मी अख्खी दुपार दुकानासमोर उभी होते. सहाव्यात मी किंचाळायची. त्यामुळे सगळे पुन्हा घाबरून आडवे. नवव्यात फाशावर एक पडला की काहीतरी विसरल्यासारखी मी मागे फिरायची. त्या दिवशी मी पाच वेळा दुकानात गेले. दरवेळी माझ्या आधी लढाईच संपायची. बाबा मला चकतीला धरून उचलायचे, "आजही राहिलं, बाई," म्हणायचे आणि कवळीच्या जुन्या डबीत कापसावर ठेवायचे. मित्रांना मात्र अभिमानानं सांगायचे, "सैनिक काय, कोणीही करेल. ही घरी पोचली की माझा खेळ झाला."

मग घरात औषधांची खोकी वाढू लागली. बाबांनी एकही टाकू दिलं नाही. गल्लीला तीन नवी घरं मिळाली आणि एक दोन मजली शाळा. अकराव्या मसुद्यात, चौदाव्या पानावर, त्यांनी वरती 'पिशवीवाली' असं लिहिलं आणि खालचं पान मोकळं सोडलं. विचार करून लिहितो, म्हणाले.

ते पान तसंच राहिलं. पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही. एके दिवशी गल्ली घडी करून माळ्यावर गेली. माळ्यावरचे दिवस मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते की अंधारात सैनिक फार बढाया मारतात.

आम्हाला खाली काढलं ते मुलीनं. ती पुस्तकं वाचणारी. फासा तिनं कधी हातात धरला नव्हता. खेळांच्या दुकानाच्या मालकानं बाबांना हा खेळ छापायचा शब्द दिला होता, आणि तो पाळायला तो तयारही होता. त्याचं म्हणणं एकच होतं.

"ताई, खेळ झकास आहे. फक्त ती बाई काढा. माणूस लढायला बसतो, त्याला मधेच बाजारहाट कशाला? नाहीतरी ते पान कोरंच आहे."

मुलीनं मसुद्यांचा गठ्ठा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "रविवारी या आणि एकदा खेळा. नाही जमलं, तर ते पान मीच काढून तुमच्या हातात देईन."

तिनं अकरा मसुदे वाचले, समासात बारीक अक्षरात टिपणं काढली, आणि रविवार उजाडला तरी चौदावं पान कोरंच होतं. एका बाजूला मास्तर बसले, दुसऱ्या बाजूला दुकानदार. डॉक्टर पंच झाले. तिसऱ्याच फेरीत मास्तरांचे सहाही सैनिक माझ्यामागे ओळीत उभे.

"हेच म्हणत होतो मी," दुकानदार टेप गुंडाळत म्हणाला. मुलीनं चौदावं पान पुढ्यात ओढलं. ती ते फाडणार, असं मला वाटलं.

आई दारात उभी होती. बाबा गेल्यापासून ती या टेबलाजवळ फारशी येत नसे.

"मास्तर," ती म्हणाली, "सहा धडधाकट बाप्ये त्या बाईच्या मागे मागे चाललेत, आणि एकालाही तिची पिशवी धरावीशी वाटत नाही?"

"वहिनी, ते सैनिक आहेत."

"म्हणजे त्यांना हात नाहीत?"

मुलगी पेन्सिल घेऊन लिहायला लागली. मग तिनं वाचून दाखवलं: "जो सैनिक पिशवीवालीच्या दोन इंचांत येईल, त्यानं तिची एक पिशवी धरावी. ती दारापर्यंत पोचेपर्यंत त्याला बंदूक चालवता येणार नाही. ओझं कमी झाल्यानं ती दुप्पट चालेल."

"आणि बाकीचे पाच?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिशव्या दोनच आहेत. दुसरी हवी असेल तर एकानं थांबावं, नाहीतर सगळ्यांनी वाट सोडावी."

फळा पुसायला कोण येतं असं विचारल्यावर वर्गाचं जे होतं, ते मास्तरांच्या पाच जणांचं झालं. ओळीतला पहिला तेवढा अडकला. माझ्या पिशव्या हातांशी एकजीव आहेत, म्हणून खूण म्हणून आईनं त्याच्या चकतीवर शर्टाचं बटण ठेवलं.

"अहो, हा माझा नेमबाज आहे!" मास्तर कळवळले.

"नीट धर म्हणावं," आई म्हणाली.

आता लढाई खरी सुरू झाली. मास्तरांचे पाच उघडे पडले, दुकानदाराचे सहा पुढे सरकले, आणि मी भराभर निघाले. चार फेऱ्यांनी दुकानदाराचा एक सैनिक जखमी होऊन शाळेच्या कोपऱ्यात सापडला. बाहेर पडला तर मेला. दुकानदारानं टेप लावली, पुन्हा लावली, आणि घसा साफ केला.

"ताई, ती दुसरी पिशवी अजून कोणी घेतली नाही ना?"

मुलीनं नुसती मान हलवली. आईनं दुसरं बटण ठेवलं. माझ्या उजवीकडे एका पक्षाचा, डावीकडे दुसऱ्या पक्षाचा. आम्हा तिघांवर गोळी झाडायची कोणाची छाती झाली नाही.

"पान राहू द्या," दुकानदार नजर वर न करता म्हणाला. "माझी पाळी आहे."

आणि मित्रांनो, बासष्टाव्या लढाईत मी घरापाशी पोचले. पण दार शाईनं रंगवलेलं होतं. मी आत गेल्यावर काय करायचं, याचा नियम कुठेच नव्हता, कारण तिथवर कधी वेळच आली नव्हती. सगळे मुलीकडे बघायला लागले. तिनं उठून ब्लेड आणलं, दाराच्या तीन बाजू सावकाश कापल्या, चौथी बाजू दुमडली, आणि मला चकतीला धरून आत ठेवलं. हात लगेच काढून घेतला नाही. बाहेर मास्तर आणि दुकानदार कोपऱ्यावरून भांडत होते.

तेव्हा एवढं ऐका. खेळून झालं की आम्हाला मुंडक्याला धरून उचलू नका, रंग जातो. डब्यात ओतू नका, एकेकाला ठेवा. आणि तुम्ही कधी अशी गल्ली उभारलीत, तर सगळी खोकी घाईनं चिकटवून टाकू नका. एक तरी दार आधी कापून घ्या. कोणीतरी दोन्ही हात भरून तिकडेच निघालेलं असतं.