अकरा शून्यं

बहिणीच्या नातीचं, ब्रिटाचं, लग्न मिनियापोलिसला झालं आणि अल्विना गेली नाही, ते साल २०११. न जायला कारणं दोन होती. एक म्हणजे अंगणातला पाऊस मोजायचा डबा, रोज सकाळी सातला बघायचा. दुसरं म्हणजे नवरा, ऑर्लिन. त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि त्याची खाट आता स्वयंपाकघरातच, खिडकीशी होती.

डबा ऑर्लिनच्या बापाने १९३१ साली रोवला. अल्विना १९६१ ला लग्न होऊन हेगलँडांच्या शेतावर आली, तेव्हा सासऱ्याने तिच्या हातात मोजपट्टी दिली आणि म्हणाला, "बायकांचे डोळे बारीक असतात." तेव्हापासून वाचायची ती. पण राज्याच्या हवामान कार्यालयात नाव मात्र ऑर्लिनचं.

ब्रिटाच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी हवामान कार्यालयातून केंद्रा नावाची पोरगी आली. तीही गव्हाच्याच शेतावर वाढलेली. बूट दाराशी काढून आत आली आणि कॉफी पुढे येईपर्यंत पिकांबद्दलच बोलली. मग तिने कागद काढला.

"ऐंशी वर्षं, मिसेस हेगलँड, एका दिवसाचा खाडा नाही. ऑगस्टच्या जत्रेत सन्मानाची पाटी द्यायची ठरलीय, मोठ्या साहेबांच्या हस्ते."

"ऐकलंस का ग?" खाटेवरून ऑर्लिन म्हणाला. त्याचे शब्द एका गालातून यायचे. "बाबांचं नाव वर घाला. माझं खाली."

"घालू की. फक्त एक शंका आहे." केंद्राने कागद अल्विनाकडे सरकवला. "जुने तक्ते संगणकावर चढवतोय आम्ही. १९७४ चा जून, सहा ते सोळा तारीख. आजूबाजूच्या तिन्ही ठिकाणी मिळून चार वेळा पाऊस आहे, एकदा तर दीड इंच. इथे अकराही दिवस शून्य. पाऊस चुकवून जातो, मान्य. पण चारही वेळा?"

अल्विनाने कागदाला हात लावला नाही. तिला तो पाठ होता. ती अकरा शून्यं तिच्या हातची नव्हती, तळाची सही मात्र तिची होती.

या कामात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. डबा बघितलाच नाही तर रकाना कोरा ठेवायचा. शून्य म्हणजे मी गेले, पाहिलं, काही नव्हतं. कोरं म्हणजे इथे कुणी नव्हतं.

त्या वर्षी सहा जूनला ती उठली, चूल पेटवली नाही, रस्त्यावर जाऊन बस धरली आणि डुलुथला फर्नकडे, बहिणीकडे, गेली. भांडण नव्हतं, मार नव्हता. एवढंच की त्या घरातला आवाज घड्याळाचा आणि ऑर्लिनच्या घास चावण्याचा, आणि मरेपर्यंत आवाज तेवढाच राहणार हे तिला आदल्या रात्री ताटावर बसून कळलं होतं. फर्नच्या दोन खोल्यांत सहा माणसं होती. दहाव्या दिवशी फर्नच्या नवऱ्याने जेवताना विचारलं, "मग, पुढे काय?" अकराव्या दिवशी ती परत आली.

येताना रस्त्याकडेचे चर तुडुंब भरलेले तिने पाहिले. ओट्सचं पीक हिरवंगार उभं होतं. भिंतीवरच्या तक्त्यात अकरा शून्यं होती.

"पाऊस नव्हता," ऑर्लिन म्हणाला होता. बाकी एक अक्षर नाही. गावाला कळलं नाही, चर्चमध्ये कळलं नाही. महिनाअखेरीला तिने तक्त्यावर सही करून तो टपालात टाकला, आणि ती कुठे गेलीच नव्हती असं झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण कोरडं साल आलं की कार्यालयाचं पत्रक छापायचं, 'घाबरू नका, १९७४ च्या जूनइतकं कोरडं अजून नाही, आणि तेव्हाही पीक आलं होतं.' त्या भरवशावर शेजारी सुकता गहू वैरणीसाठी कापायचं लांबवत, आणि मग वैरणही हाती लागायची नाही. ते पत्रक दर आठवड्याला या टेबलावर पडायचं.

"पाऊस नव्हता," खाटेवरून ऑर्लिन म्हणाला. आवाज तोच, जुना.

अल्विनाने कपात पाहिलं. हो म्हटलं की पाटी येणार, बापाचं नाव वर लागणार, आणि त्या अकरा दिवसांतही ती या घरातच होती, हे कायमचं ठरणार.

"मी नव्हते," ती म्हणाली.

केंद्रा थांबली. "म्हणजे तुम्ही आजारी होता?"

"घर सोडून गेले होते. डबा कुणी बघितला नाही."

 मग केंद्राने पेन उचललं. "मी रकाने कोरे करते. कारण लिहावं लागत नाही."

"शेरा लिहायची जागा असते ना शेवटी? मीच भरलेत ते तक्ते. लिही. वाचणारी घरी नव्हती."

केंद्राने लिहिलं. पाटीबद्दल ती काही बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. बूट घालून ती गेली, गाडीची धूळ बराच वेळ दिसत राहिली.

"बाबांच्या कामाला भोक पाडलंस," ऑर्लिन म्हणाला.

"भोक जुनंच आहे. तू त्यावर चटई टाकलीस."

"तुझी अब्रू राखली मी."

"राखलीस. माझ्यासकट कुलूप घालून राखलीस."

 मग सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं, "परत का आलीस?"

"जायला जागा नव्हती."

"मला वाटलं डब्यासाठी."

"कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं."

तो हसला की खोकला, ते तिला कळलं नाही. तिने त्याचं तोंड पुसलं, उशी सरळ केली. दुसऱ्या दिवशी सातला ती डब्याशी गेली. रात्री काही पडलं नव्हतं. तिने शून्य लिहिलं.

पाटी आली नाही. पत्रकातून १९७४ चा जून गेला.

ऑर्लिन हेगलँड त्याच वर्षी, नऊ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी वारला. अल्विना त्यानंतर सहा हिवाळे त्याच घरात राहिली आणि सात मार्च २०१७ ला वारली. सहा तारखेपर्यंतची नोंद तिच्या हातची आहे.