पेंडी फेकणारा हात

"चाबी घे ना व, काहून हात मागं घेऊन राहिली?" संघपाल सर म्हणाले.

खेळाच्या खोलीच्या दारात प्रतिक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. पहिल्यांदा याच दारात आली तेव्हाही ती अशीच उभी होती, फक्त तेव्हा अनवाणी होती. आज ती कॉलेजची नवी क्रीडा संचालक होती, आणि तीही कायमची. ज्या खुर्चीसाठी संघपाल खोब्रागडेंनी अर्धं आयुष्य मानधनावर काढलं, ती त्यांच्याच सॉफ्टबॉल संघातल्या पिचरला, चेंडू फेकणाऱ्या पोरीला, मिळाली होती.

"सर, मी कॉलेजला नाही म्हणून सांगते."

"येडी झाली काय? फॉर्म भर म्हणून तुझ्या मागं कोण लागलं होतं?"

लागले होते ते सरच! जागा भरली की मानधनावरचा माणूस घरी, हे न कळण्याइतका माणूस भोळा नव्हता. पण पोरीचं शिक्षण जागेला बसत होतं, त्यांचं बसत नव्हतं. पुढची पदवी राहिली ती राहिलीच. दर साली परीक्षा आणि विद्यापीठाच्या स्पर्धा नेमक्या एकाच महिन्यात यायच्या, आणि सर पोरींना घेऊन बाहेरगावी निघायचे.

"परीक्षा काय, पुढच्या साली देता येते," ते म्हणायचे.

"मंग स्पर्धा का पुढच्या साली येत नाही?" बायको अंजू विचारायची. यावर सर बॅटांची पिशवी खांद्याला मारून निघायचे. असं करता करता केस पिकले.

या तालुक्यात सॉफ्टबॉल म्हणजे काय हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. "बॉल नरम राहते काय गा?" लोक विचारायचे. सर चेंडू हातात द्यायचे, आणि तो विटेसारखा टणक लागला की लोक "अरे बाप्पा!" म्हणायचे. या खेळात चेंडू खालून फेकायचा, मांडीजवळून हात फिरवून. तो हात बसवायला इतर कॉलेजांचं वर्ष जाई. आपले सर मात्र धानाची रोवणी लागली की मोटरसायकल काढून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं हिंडायचे. चिखलातल्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, धानाच्या रोपांच्या पेंड्या रोवणाऱ्या बायांपर्यंत फेकाव्या लागतात, त्याही खालूनच. जिची पेंडी बाईच्या अंगावर चिखल न उडवता नेमकी तिच्या मागं पडली, ती सरांची पिचर. बायांनी शिव्या घातल्या नसत्या तरच नवल. "कोण मेला हा, धुऱ्यावर उभा राहून पोरी पाहून राहिला?" आंधळगावच्या शिवारात प्रतिक्षाच्या आईनं, जनाबाईनं, तर त्यांच्या अंगावर पेंडीच भिरकावली होती. "माय अशी, तर पोरगी कशी असंल!" असं म्हणत सर शर्ट झटकत बसले होते.

आता त्याच पोरीच्या हातात त्यांनी चाबी कोंबली.

"कॅचरच्या मुखवट्याचा पट्टा ढिला झाला आहे, शिवून घेजो. बेसच्या पोत्यात रेती भरजो."

"सर, तुम्ही रोज ग्राउंडवर येत जा ना." तिचा आवाज फाटला.

"नाही व. मी उभा राहिलो तर पोरी माह्याकडे पाहतीन. त्यायनं तुह्याकडे पाहिलं पाहिजे."

ती रडायला लागली. सरांनाही रडू आलंच होतं, पण ते पट्टा बघायच्या निमित्तानं मुखवट्यावर वाकले. घरी पोचल्यावर अंजूनं त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली.

नंतरचे दिवस वाईट गेले. संध्याकाळ झाली की पाय बूट शोधायचे. शेवटी अंजूनंच त्यांना आपल्या भावाकडे, नत्थूकडे, आंधळगावला पिटाळलं. घरात बसून माणूस सडतो, म्हणाली.

रोवणी ऐन भरात होती. मोहाडी गाव सोडलं आणि मोटरसायकल सवयीनं हळू झाली. एका बांधीत बाया ओणव्या होत्या. धुऱ्याकडच्या पोरीनं पेंडी उचलली, हात मागे नेला आणि सोडली. पेंडी बायांच्या डोक्यावरून जाऊन पार शेवटच्या बाईच्या मागं अलगद पडली. एक थेंब उडाला नाही.

सर उतरले.

"नाव काय व पोरी तुझं?"

"गुंजन."

"बारावी झाली काय?"

"झाली. काहून?"

"मंग तालुक्याच्या कॉलेजात माह्याक…"

इतक्या पोरींना बोललेलं ते वाक्य आता त्यांचं राहिलं नव्हतं. डोळे भरले. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"कॉलेजात जाय. प्रतिक्षा मॅडमले भेट."

मॅडम हा शब्द प्रतिक्षासाठी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

"कोणं पाठवलं म्हणून सांगू?"

"काही सांगू नको. एक पेंडी फेकून दाखवजो. तिले समजंल."

"अवं गुंजन, कोण व तो धुऱ्यावर?" बांधीतून एक बाई ओरडली. "कायले पाहून राहिला आमच्याकडे?"

सरांनी गाडीला किक मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. गुंजननं दुसरी पेंडी उचलली होती. ती पडेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.