साळूबाईची गोफण

माण गावात चंद्राबाईची दुमजली इमारत, खोल्यांत आयटीतले भाडेकरू. गच्चीवरच्या जुन्या सोलर पॅनेलची वीज यंदा पार उतरली, तेव्हा तिनं बोट दाखवलं ते शेजारच्या साळूबाईकडं. साळूबाईची मेंढरं होती, आणि वालाच्या वेलावर येणारी माकडं ती गोफणीनं हाकलायची.

"तुझ्याच धोंड्यांनी वाट लावली माझ्या पॅनेलची!"

"गच्चीवरला एक तरी धोंडा दाव मला."

चंद्राबाईनं धोंडा दाखवला नाही. दोघींच्या घरांमधल्या बोळाला फाटक लावून कुलूप घातलं. बोळातून जाणारी मेंढरं मोठ्या रस्त्यानं जाऊ लागली. त्याच आठवड्यात साळूबाईची गाभण मेंढी बसखाली आली. ती ओढून काढताना साळूबाईचं लुगडं रक्तानं भिजलं. चंद्राबाई गॅलरीतून बघत राहिली.

पोलिसांत जायला पुरावा हवा, म्हणून चंद्राबाईनंच पॅनेल तपासणारी वैष्णवी बोलावली. साळूबाई न बोलावता वर आली.

वैष्णवीनं पॅनेलवर काळ्या कापडाचा तंबू केला, पॅनेललाच वीज दिली आणि आत कॅमेरा लावला. पडद्यावर पॅनेल निखाऱ्यासारखं उजळलं. मधोमध मात्र काळ्या भेगांचे डाग, एकापुढं एक.

"दगड लागला असता तर काच फुटली असती, काकू. लॅबमध्ये आम्ही गारांसारखे बर्फाचे गोळे मारून ही काच तपासतो; जोराचा मार बसला की आधी काचच जाते. इथं काच धड आहे, आतल्या वीज करणाऱ्या चकत्या तडकल्यात. पॅनेलवर पाय देऊन कोणीतरी चालतंय. ऊन-थंडीनं त्या भेगा दरवर्षी वाढत गेल्या."

चंद्राबाईचा लेक किशोर खाली बघू लागला. "धुताना मीच चढायचो, आई."

"आता बोल," साळूबाई म्हणाली. "माझी मेंढी कुणी मारली?"

"तू मारले न्हाईत धोंडे," चंद्राबाई फणकारली, "पण मारले असतेस. तुमची जातच दळभद्री."

साळूबाई चंद्राबाईच्या तोंडावर थुंकणार होती. पायाशी थुंकली आणि जिना उतरली.

फाटक किशोरनं काढलं. मेंढीबद्दल माफी मागायला तो साळूबाईच्या दारात आला, तर तिनं त्याच्यावर कुत्रं सोडलं. आता मेंढरं बोळातून जातात. तेव्हा चंद्राबाई वरून खरकटं पाणी ओतते, आणि साळूबाई मान वर करून, भाडेकरूंना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला शिव्या देत पुढं जाते.