राणीच्या मागची चवरी

मी एक जुनी चवरी आहे. तुमच्या शाळेच्या कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी जी धुळकट शेपटी पडलेली असते ना, तीच मी. परवा तुमच्यातल्या एकीनं माझ्याकडून भिंतीवरची जळमटं काढून घेतली आणि वर मलाच म्हणाली, "ई, काय घाण आहे!" असा राग आला म्हणून सांगू! मित्रांनो, मी केरसुणी नाही. मी संगीत नाटकात काम केलेलं आहे.

मी अंबाडीच्या वाखाची. नाटक मंडळीतला रंगवाला लखीराम यानं तो वाख धुतला, विंचरला, पांढराशुभ्र केला आणि बाभळीच्या मुठीला बांधून मुठीवर चंदेरी कागद चिकटवला. लांबून बघणाऱ्याला मी राजवाड्यातली वाटायचे. जवळ आलं तर सरसाचा वास यायचा, पण जवळ येतं कोण? राणीच्या मागे उभं राहायचं आणि तिच्यावर हळूहळू वारा ढाळायचा, एवढंच माझं काम.

आमची मंडळी नानाजींची. पडदे, पेट्या, तबले बैलगाड्यांत घालून आम्ही शिरपूर, मंगरूळपीर, कारंजा असे फिरायचो. त्या काळी बायका नाटकात काम करत नसत. पुरुषच नऊवारी नेसून, नथ घालून उभे राहत. आमची राणी म्हणजे नारोपंत. गळा मोठा गोड, खोटं कशाला बोलू? पण रुसवा त्याहून मोठा.

राणीच्या मागे चार सख्या असत. त्यातल्या उजवीकडच्या सखीच्या हातात मी, आणि ती सखी म्हणजे धनज गावचा शालिग्राम. विशीतला पोरगा, कुणब्याचा. गाण्याच्या नादानं घर सोडून आलेला. घरी थोरला भाऊ चिडलेला, वावरात काम करणारे हात कमी पडत होते. आईला मात्र त्यानं गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला होता, की मी राणीच्या दरबारात असतो. साडी नेसतो हे काही सांगितलं नव्हतं. लाजला बिचारा.

आता माझा खरा संताप ऐका. नारोपंतांचं पद संपलं की लोक 'वन्समोअर!' म्हणून ओरडत. मग तेच पद पुन्हा. पुन्हा आरोळी, पुन्हा पद. त्या आरोळ्यांमधले दोघेजण नानाजींनीच चकटफू बसवलेले असत, ही गोष्ट निराळी! पण तोवर आम्ही काय करायचं? हात वर, मान किंचित वाकडी, चेहऱ्यावर हसू. शालिग्रामचा दंड थरथरायचा, ते मला मुठीत कळायचं. घाम कोपरापर्यंत ओघळायचा. नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही. समोरचे लोक राणीसाठी माना डोलवायचे. आमच्याकडे कोण बघतो!

बरं, सख्यांनाही एक गाणं होतं. चौथ्या अंकात, बागेतलं. चौघी मिळून म्हणायच्या आणि मधलं कडवं एकट्या शालिग्रामनं म्हणायचं:

वारा आला, कळी हलली,
सांगा कुणी तिला हाक दिली?

तो ते बैलगाडीत म्हणायचा, विहिरीवर म्हणायचा, धुणं वाळत घालताना म्हणायचा. रंगमंचावर मात्र कधीच नाही. कारण वन्समोअरनं खेळ इतका लांबायचा की चौथा अंक आला की नानाजी पडद्याआडून हात हलवत, "बागेचं कापा! बागेचं कापा!" झालं. आमची बाग रोज सुकायची.

कारंज्याला अमृतलाल शेटजींच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात आमचा मांडव पडला. कापसाचा हंगाम संपलेला, आवार रिकामं. तिथं शेटजींच्या घरच्या हीराबाईंनी नानाजींना बोलावून विचारलं, "माणसं रोज पाह्यतात. आमी बायकाईनं काय पाप केलं जी?"

नानाजी म्हणाले, "बाईसाहेब, खास बायकांसाठी दुपारचा खेळ लावतो."

"लावा. पण आमच्या घरची जेवणं दिवस बुडायच्या आत होतात. त्याच्या आधी खेळ उरकला पायजे. अन मांडवात एकबी गडीमाणूस नको."

खेळ ठरला. खेळाच्या दिवशी सकाळी धनजहून निरोप आला, की शालिग्रामची आई तुळसाबाई शेजारणींबरोबर गाडीनं येते आहे. निरोप असा होता: "एकडाव पायतो. तू खरंच काही करून राह्यला असशीन त राह्य. नुसता पडदे वढत असशीन त पेरणीच्या आंधी माह्यासंगं घरी चाल." शालिग्राम मला हातात घेऊन थेट नानाजींकडे गेला. तो नानाजींना म्हणाला, "आज बागेचं गाणं नका कापू ना जी. माही माय येऊन राह्यली."

नानाजी म्हणाले, "वेड लागलं काय? दिवस बुडायच्या आत संपवायचं आहे. आज तर कापावंच लागेल."

मी मनात म्हटलं, या माणसाला माझ्या मुठीनं एक ठेवून द्यावी. पण चवरीला कोण विचारतं?

खेळ सुरू झाला. मांडवात बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीवर पोरं. पहिल्या अंकात नारोपंतांनी आपलं नावाजलेलं पद म्हटलं. सुरेख झालं. बायकांनी पदरानं डोळे पुसले. नारोपंत शेवटचा सूर धरून, हात पसरून उभे राहिले. वाट बघतायत वन्समोअरची! पण ओरडणार कोण? गडीमाणसांना बंदी, म्हणजे ते दोघे फुकटेही बाहेरच. आणि चारचौघींत बायका आरोळी कशी ठोकणार? सगळीकडे चिडीचूप. एक लेकरू तेवढं रडलं.

नारोपंतांनी आपण होऊनच पद पुन्हा सुरू केलं. तेव्हा पुढच्या रांगेतून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "अवो बाई, हे त झालं ना आत्ताच. म्होरं काय होते ते दाखवा. नाई त दिवस बुडून जाईन!"

मांडवभर खसखस पिकली. माझे केस तर आनंदानं थरथरले! दुसऱ्या अंकात तेच, तिसऱ्यात तेच. चौथा अंक आला तेव्हा ऊन अजून मांडवाच्या कनातीवर होतं आणि नारोपंत आत पेटीवर फुगून बसले होते. "माझा घसा बसला. मी येत नाही. या बायांना संगीतातलं काय कळतं?"

नानाजींनी कपाळाला हात लावला. पडदा तर वर गेलेला, रंगमंच रिकामा. शेवटी त्यांनी सख्यांना अक्षरशः ढकललं. "जा, जा, बागेचं म्हणा! मी यांची समजूत घालतो."

आणि मित्रांनो, आम्ही पुढे आलो. राणीच्या मागे नाही, अगदी पुढे! चौघींनी सुरुवात केली. मग शालिग्रामचं कडवं आलं. पहिला शब्द जरा अडखळला, मग गळा असा मोकळा झाला की मी ढाळायचंच विसरले. वारा आला, कळी हलली. बायकांच्या हातातले पंखे थांबले, पोरं गप्प झाली. कडवं संपलं तसा मागच्या रांगेतून एक आवाज आला, मोठा, शेतात लांबवर हाक मारायची सवय असलेला:

"अवो, त्या चवरीवालीले अजून एकडाव म्हनू द्या ना!"

शालिग्राम दचकला. त्याच्या आईचा आवाज होता तो. आयुष्यातला पहिला वन्समोअर त्याला त्याच्या आईनं दिला होता, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं! त्यानं श्वास भरला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पडदा बदलायची शिट्टी वाजली. ती आरोळी ऐकून नारोपंतांचा घसा टुणकन बरा झाला होता. राणी आली, आणि आम्ही मागे. हात वर, मान वाकडी. रडावंसं वाटलं मला.

खेळ सुटल्यावर शालिग्राम कसाबसा तोंड धुऊन, धोतर नेसून गाड्यांकडे धावला. घाईत मी त्याच्या काखेतच राहिले. तुळसाबाई गाडीशेजारी उभी होती. चेहरा पडलेला.

"काहून रे, तू त कोठीच दिसला नाई. सारे दरबारातले गडी पाह्यले, पायता पायता माहे डोये दुखले. म्हंजे पडदेच वढतं ना तू? चाल. बस गाडीत."

अरे, सांग ना! मी आतल्या आत ओरडत होते. दोन शब्द तर सांगायचे आहेत! पण त्याची जीभ उचलेना. बैल जुंपले. शेजारणी चढून बसल्या. तुळसाबाईनं जुवावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यानं मला काखेतून काढलं, उजवा हात वर केला, मान वाकडी केली आणि अगदी हळू म्हटलं, "वारा आला, कळी हलली..."

तुळसाबाईचा हात जुवावरच थांबला.

"माय वो! ते तू व्हय?"

"हो, माय."

आता ही रागावणार, साडी नेसला म्हणून भर आवारात बोलणार, असं मला वाटलं. पण तिनं मला त्याच्या हातातून काढून गाडीत ठेवलं, आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यापासून दाबायला लागली.

"सारा टाइम त्या राणीच्या मांगं असाच हात वर धरून उभा होता तू? कोनी म्हनत नाई का रे, बस बाप्पा जराकसा?"

"नाई म्हनत."

"मंग राह्य इथं. गातं चांगला तू. पन त्या मालकाले सांगजो, माही माय म्हने का पोराले म्होरं उभं करा." असं म्हणून तिनं मला परत त्याच्या हातात दिलं.

त्यानं सांगितलं असेल का? छे! पुढच्याच मुक्कामी गडीमाणसं आली, आरोळ्या आल्या, आणि बागेचं गाणं पुन्हा कापलं गेलं. मंडळी मोडेपर्यंत कापलंच जात होतं. शालिग्राम राहिला मात्र शेवटपर्यंत. मंडळीचं सामान वाटलं गेलं तेव्हा मी फिरत फिरत तुमच्या शेलूबाजारच्या शाळेतल्या या कपाटावर आले.

मला झटकून नीट ठेवलंत तर बरं वाटेल, नाही ठेवलंत तरी आता सवय झाली आहे. पण गावात नाटक आलं, दंडारीचा खेळ आला, भजन असलं, तर मागच्या रांगेतल्यांकडेही बघत जा. आणि त्यांच्यातल्या कुणाचा सूर तुम्हाला आवडला, तर लाजू नका, तिथल्या तिथं मोठ्यानं ओरडून सांगा. घरी जाऊन केलेलं कौतुक, मित्रांनो, त्यांना ऐकू येत नाही.