तिसरं माणूस

"काच खाली करा," हवालदार म्हणाला आणि वाकून बोटाने मोजायला लागला. "पुढे दोन, मागे एक. तीन. जाऊ द्या."

मागची एक म्हणजे आत्या. आपल्यावर बोट आलं की ती किंचित ताठ बसायची. गाडी मोकळ्या लेनमध्ये शिरायची. शेजारी साध्या लेनमध्ये गाड्याच गाड्या, बंपरला बंपर लावून, जागच्या जागी हॉर्न वाजवत. भाचा वेग वाढवायचा आणि न चुकता म्हणायचा, "आत्या, तू आहेस म्हणून." शेजारी भाचेसून लिपस्टिक लावता लावता "हो ना" म्हणायची. तेवढ्यावर आत्याचा दिवस निघायचा.

ही लेन पूर्वी बसची होती. आत्याने उभा जन्म डेपोत बसगाड्या धुतल्या होत्या. मग बसगाड्या कमी केल्या, लेन ओस पडली आणि ज्या गाडीत तीन माणसं असतील तिने त्या लेनमधून जावं असा नियम निघाला. एका बसमध्ये अख्खी गल्ली मावत होती, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात नव्हतं. ते बसमध्ये कधी बसलेच नव्हते. बसगाड्याच नाहीत तर धुणार काय? आत्याला घरी बसवलं. घर म्हणजे डेपोमागची एक खोली. लग्न झालेलं नाही, भाऊ-भावजय गेलेले. भावाच्या मुलाला तिने लहानपणी कडेवर वागवलं होतं, पण तो साहेब झाल्यापासून तिकडे फिरकला नव्हता.

लेनचा नियम लागू झाला आणि त्याच आठवड्यात भाचा दारात हजर.

"आत्या, या वयात एकटी कशाला राहतेस? आम्ही काय मेलो का?"

कामापुरता मामा म्हणतात. इथे मामाच्या जागी आत्या होती, इतकंच. तिला ते कळलं नाही असं नाही. बस धुणाऱ्या बाईला चिखल कुठून आला ते बघताक्षणी कळतं. पण इतक्या वर्षांनी कुणी 'चल' म्हणत होतं. तिने दोन पिशव्या भरल्या, खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि निघाली.

भाच्याच्या ऑफिसखाली तळघरात पार्किंग होतं. नियम संध्याकाळीही होता, त्यामुळे ते दोघं वर जायचे आणि आत्या गाडीजवळच थांबायची. ती काही एकटी नव्हती. तळघरात गाडीगणिक एखादं म्हातारं माणूस असायचं. कुणाची सासू, कुणाचे वडील, कुणाचा बहिरा चुलता. खांबाजवळ खुर्च्या टाकून ही मंडळी बसायची, डबे सोडायची, एकमेकांची दुखणी ऐकायची. त्यातही वरचे-खालचे होतेच. नात्यातले ते वरचे आणि भाड्याने आणलेले ते खालचे. भाड्याची माणसं लेनच्या तोंडाशी रांगेत उभी राहतात, ज्याला माणूस कमी पडतं तो उचलून नेतो. टोपीवाले असेच भाड्याचे होते. डोक्यावरची लोकरीची टोपी ते उकाड्यातही काढत नसत.

"आम्ही घरचे आहोत," आत्या त्यांना एकदा म्हणाली. जरा तोऱ्यातच म्हणाली.

"घरच्यांना किती वाजता सोडतात?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आम्हाला वेळेवर सोडतात, म्हणून विचारलं."

आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पुढे भाचेसुनेला दिवस गेले. एका संध्याकाळी घरी परतताना तिने पुढून विचारलं, "तान्ह्याला धरतात का रे मोजणीत?"

"छे! तान्ह्याला कोण धरणार? आत्या आहे की."

आत्या मागे ऐकत होती. तिला भरून आलं. तिने खिडकीबाहेर तोंड केलं, म्हाताऱ्या बाईने गाडीत डोळे पुसणं बरं दिसत नाही म्हणून.

मुलगी झाली. भाचेसून रजेवर, त्यामुळे भाचा साध्या लेनमधून एकटा जायचा आणि घरी आला की भिंतीला शिव्या घालायचा. आत्याला मात्र तो काळ सोन्याचा गेला. मुलीचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, आत्या तिला ठकी म्हणायची. ठकीला न्हाऊमाखू घालणं, तिचे कपडे धुणं, तिला मांडीवर थोपटणं, सगळं आत्याकडे. ठकी आत्याचं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. "हिला काही मी लागत नाही," भाचेसून म्हणायची. ते कौतुकाने म्हणायची की कसं, हे आत्याने तपासून पाहिलं नाही. सुखात असलेलं माणूस उगाच खणत बसत नाही.

रजा संपली. ऑफिसच्या इमारतीतच पाळणाघर निघालं होतं. पहिल्या दिवशी मागच्या सीटवर ठकीचं छोटं आसन बांधलं, शेजारी आत्या बसली. लेनच्या तोंडाशी नेहमीचा हवालदार वाकला.

"पुढे दोन, मागे एक. तीन. जाऊ द्या."

आणि आत्याला राहवलं नाही. ठकीच्या कौतुकाने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय!

"अहो, चार म्हणा की! आमच्या ठकीला नाही का धरत?"

हवालदाराने डोकं आणखी आत घातलं. ठकी त्याच्याकडे बघून हसली.

"अरे वा! नवीन सवारी! धरतो की, का नाही धरणार? जिवंत माणूस असलं की झालं. वय कोण विचारतंय?"

"बघ हं, तुलाही धरलं," आत्या ठकीला म्हणाली.

गाडी निघाली. भाच्याने बायकोकडे बघितलं, बायकोने भाच्याकडे. त्या दिवशी "आत्या, तू आहेस म्हणून" हे वाक्य आलं नाही. आत्याला वाटलं, मुलीच्या गडबडीत राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती तयार होऊन गाडीपाशी उभी राहिली, तर भाचा म्हणाला, "आत्या, तू आराम कर आता. तळघरात कशाला अवघडून बसतेस दिवसभर?"

"मला नाही अवघडत."

"अगं, आम्हालाच वाईट वाटतं."

इतके दिवस वाटलं नव्हतं ते त्यांना एका रात्रीत वाटायला लागलं. आत्या दिवसभर रिकाम्या घरात बसली. ठकीच्या पाळण्यातली चादर धुतली, वाळली, पुन्हा धुतली. मग थोड्याच दिवसांनी भाचेसून तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत नाही आली.

"आत्याबाई, ठकीला आता तिची खोली लागेल."

"एवढ्याशा जिवाला खोली कशाला गं? निजू दे की माझ्याजवळ."

"तसं नसतं. पहिल्यापासून एकटं झोपायची सवय लावावी लागते मुलांना."

"ती काय, आपोआप लागते," आत्या म्हणाली.

भाच्याने ओळखीने शहराच्या टोकाला एक खोली मिळवून दिली. पोचवायला तिघंही आले. रविवार होता. रविवारी लेनचा नियम नसतो, त्यामुळे गाडी कुणी थांबवली नाही, कुणी मोजलं नाही. ठकी वाटभर आत्याचं बोट धरून झोपली होती. उतरताना ते बोट आत्यालाच सोडवून घ्यावं लागलं.

"येत जाऊ गं आम्ही," भाचा म्हणाला. तो काही खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्याला तसं खरंच वाटत असावं; गाडी वळेपर्यंत.

ते आले नाहीत. आत्याने वाट बघितली, मग पोटाचं बघितलं. एके सकाळी ती जी काय एक बस उरली होती ती पकडून लेनच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. टोपीवाले रांगेत होतेच, त्यांचा साहेब बदलून गेला होता. आता हे काहीतरी बोलून घेणार, अशा तयारीने आत्याने मान खाली घातली. पण टोपीवाले फक्त सरकले आणि त्यांनी तिला कठड्यावर टेकायला जागा करून दिली.

"इथे नंबराने जायचं. कुणी घाई केली तरी नंबर सोडायचा नाही," ते म्हणाले.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा एक गाडी रांगेपाशी थांबली. आतल्याने समोर बघतच दोन बोटं वर केली. "दोन. लवकर." टोपीवाल्यांनी दार उघडलं आणि मागून आत्या पुढे झाली. आत भाचा होता. एकटाच.

त्याने तिला बघितलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"तुम्ही या," तो टोपीवाल्यांना म्हणाला. "आणि ते... त्यांच्या मागचे, ते या."

"नंबर बाईंचा आहे साहेब."

"मी सांगतोय ना, ते मागचे!"

"इथे नंबर मोडत नाहीत."

आत्या काचेपाशी वाकली. तिने मागच्या सीटकडे बघितलं.

"ठकी कुठे आहे रे? बरी आहे ना?"

मागच्या गाडीत त्याच्या ऑफिसातलं कुणी असेल, नाहीतर तो बोलला असता, असं आत्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात काच वर गेली. टोपीवाल्यांनी धरलेलं दार त्याने आतून ओढून लावलं, गाडी वळवली आणि साध्या लेनच्या गर्दीत घुसवली.

"ओळखीचा?" टोपीवाल्यांनी विचारलं.

पुढची गाडी आली. त्यातल्या बाईंनाही दोघंच हवे होते. हवालदार वाकला, आत्याकडे बघून क्षणभर थबकला, मग बोटाने मोजून म्हणाला, "तीन. जाऊ द्या."

मोकळ्या लेनमधून गाडी भरधाव निघाली. थोडं पुढे गेल्यावर शेजारच्या खोळंब्यात भाच्याची गाडी दिसली. आत्याने काच खाली केली आणि मान बाहेर काढून ती मागे पडेपर्यंत बघत राहिली.

"कोण होतं हो आजी?" बाईंनी आरशातून विचारलं. "ओळखीचं का कुणी?"

"नाही हो. मागे बाळाचं आसन बांधलेलं होतं आणि बाळ नव्हतं. म्हणून बघितलं."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "काच लावून घ्या बरं. एसी चालू आहे."

आत्याने काच लावून घेतली.