सैफुद्दीनचा न गळणारा डबा

मित्रांनो, उभे राहून राहून थकलेला मी एक फड्या निवडुंग आहे. माझे अंग फड्यांचे. एका फड्यातून दुसरा फुटतो, दुसऱ्यातून तिसरा. गोष्टही मला तशीच सांगता येते, तुकड्यांनी. मधले काही तुकडे कापले गेले आहेत. तिथे मी जरा दम घेईन.

तळचा फडा.

मेडशीला लतीफाबीच्या परसाला माझ्याच जातीचे कुंपण होते. बकऱ्या आत येत नसत. आमची बोंडे खाऊन पोरांच्या जिभा लाल होत. लतीफाबीची मुलगी सकीना लग्न होऊन शेलूबाजारला निघाली, तेव्हा आईने एक फडा तोडला, फडक्यात गुंडाळला आणि बैलगाडीत तिच्या पायाशी ठेवला. तो मी.

पुढे मेडशीच्या कुंपणाला कापसासारखा पांढरा किडा लागला. कुंपण उभ्या उभ्या सडले. मग लतीफाबीही गेली. सकीनाजवळ माहेरचे म्हणावे असे मी एकटाच उरलो.

दुसरा फडा.

मातीच्या कुंडीत मी बरीच वर्षे काढली. फार कौतुक झाले नाही, हालही झाले नाहीत. एका श्रावणात माझ्या मुळांनी ती कुंडीच फोडली.

सकीनाचा नवरा सैफुद्दीन पत्र्याचे काम करी. घासलेटच्या रिकाम्या डब्यांच्या तो बादल्या करी, विहिरीचे पोहरे करी. सांधे तो कथील ओतून असे बुजवी की पाण्याचा टिपूस बाहेर येत नसे. कुंडी फुटलेली पाहून तो लगेच उठला.

शेजारच्या धुरपताबाईने भिंतीवरून हटकले. "आता नोको, मिस्तरी. भरपावसात उपटसान तर सडते ते. थंडी सरू द्या, फागनात पाहा. तवर सुतळीनं बांधा त्या कुंडीले."

"धुरपताबाई, तुमी डाक्टरीण कवा झाल्या?"

"आमच्या वावराच्या धुऱ्यावर हेच काटे हायेत, बाप्पा. जिंदगी गेली ते काढता काढता. तुमच्यावानी सावलीत बसून ठोकठोक नाही केली."

सैफुद्दीन हसला आणि सुतळी शोधायला गेला.

तिसरा.

फाल्गुन. ऊन तापू लागले होते, कळ्या यायच्या होत्या. सकीनाने आधी काही दिवस माझे पाणी तोडले. कोरडी माती मुळांना सहज सोडते. मग गोणपाटात धरून मला बाहेर काढले, जुनी माती झटकली, काळी पडलेली मुळे कापली आणि मला सावलीत आडवे ठेवले. कापलेल्या जागा सुकल्या, तेव्हा नाल्याची जाड वाळू, थोडी माती आणि जुने शेणखत कालवले. मित्रांनो, कुंडी बदलणे म्हणजे एवढेच. सगळे नीट झाले होते.

फक्त डबा.

तो सैफुद्दीनने स्वतः केला होता. काठाला कंगोरे, बाजू इतकी घासलेली की सकीनाचा चेहरा तिच्यात दिसे. तिने डबा उलटा करून पाहिला.

"भोक कुठं हाय?"

"कायचं भोक?"

"पाणी जायाले."

"बाजारात पूस, सैफुद्दीनच्या हातचं भांडं गळते का. अन माझ्याच ओट्यावर गळकं ठेवू? गिऱ्हाईक काय म्हणन?"

सकीनाने डबा सुलटा केला आणि मला त्यात लावले. नवऱ्याने तिच्यासाठी हौसेने केलेली ती पहिलीच वस्तू होती.

(इथला फडा नाही. उन्हाळा त्याच्यावर होता.)

आषाढ.

डबा भरला. तुडुंब भरला. सैफुद्दीन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी, "पाहा, खाली थेंब नाही." आणि मी त्या कौतुकात उभा. माझी मुळे मऊ पडत होती. सकीना वाटीने पाणी उपसी, पाऊस पुन्हा भरी. तिने पुन्हा भोकाचा विषय काढला. तो म्हणाला, "ऊन पडलं की सुकते."

ऊन पडले नाही. तळचा फडा आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग त्याला वास यायला लागला. एका सकाळी माझी एक फांदी आपोआप गळून ओट्यावर पडली.

सकीना बाहेर आली. तिने गोणपाट घेतले नाही. उघड्या हातांनी मला धरले आणि ओढू लागली.

"अवं, काय करून राह्यली? हात पाहा तुहे."

"माय गेली तवा तुमीच म्हणलं होतं, हे हाय न तुझ्याजवळ. आता हेबी जाऊन राह्यलं. अन तुमाले गिऱ्हाइकाची पडली."

सैफुद्दीन पुढे झाला. तिचे हात सोडवले, समोर बसून चिमट्याने एकेक काटा काढला. मग मला डब्यातून काढून खाली ठेवले, डबा पालथा घातला, खिळा आणि हातोडी घेतली. त्याचे ठोके मी जन्मभर ऐकत आलो. इतके हळू कधी ऐकले नव्हते. पहिले भोक पडले, तेव्हा त्याने डोळे मिटले होते.

धुरपताबाई विळा घेऊन आली. हिरवे लागेपर्यंत कापत गेली. माझा बराचसा भाग उकिरड्यावर गेला. वरचे दोन फडे उरले.

"हे जगन. पण आता लावू नोको. सावलीत पडू दे, घाव सुकला की मंग. अन लावल्यावर पाणी नोको देऊ."

"थोडंसंबी?"

"तुमी नवरा-बायको लय पाणीवाले हा," धुरपताबाई म्हणाली.

सकीना इतक्या दिवसांनी हसली.

जखमा सुकल्यावर त्याच डब्यात कोरड्या वाळूत मला बसवले. भाद्रपदात जोराची सर आली. ओट्यावर बादली घ्यायला फुलसिंग नावाचे गिऱ्हाईक उभे होते. त्याने खाली ओघळ पाहिला.

"मिस्तरी, तुमचा डबा गळून राह्यला न."

सैफुद्दीनने मान वर केली नाही.

"गळू द्या," तो म्हणाला.

वरचा फडा.

त्यानंतर डबे गंजले, बदलले. दर वेळी सैफुद्दीन आधी भोके पाडी, मग सांधे भरी. आता मी दमलो आहे. पुन्हा उपटले जाण्याचे त्राण माझ्यात नाही, तरी वेळ आली तर उपटा. फक्त थंडी सरू द्या, माती कोरडी ठेवा आणि भांड्याच्या तळाला हात लावून पाहा. आणि मित्रांनो, ज्या दिवशी माझी फार माया येईल, त्या दिवशी तेवढे पाणी घालू नका.