लक्ष्मणरावांच्या अंगणात जे बोललो

जिजाबाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. जिजाबाई समुद्रपूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहेत. माझी बायको दीपमाला त्या दिवशी त्यांच्याच गावात होती.

"भाऊजी, तुमी निघा," त्या म्हणाल्या. "बाई लेकराले खेळणं देऊन राह्यल्या होत्या अन् बसल्या बसल्याच आडव्या झाल्या."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं जी."

 मी फोन ठेवला. हातातला टॉवेल तारेवर टाकला, चिमटे लावले, मग खाली उतरलो. चिमटे कशाला लावले ते मला आजही सांगता येत नाही.

दीपमाला त्याच दिवशी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी हॉलमध्ये जागा पुरली नाही. पवनार, नाचणगाव, गिरडकडच्या आया लेकरांना घेऊन आल्या होत्या. दीपमाला मानसशास्त्राची डॉक्टर. चौदा वर्षं ती जिल्ह्यातल्या लहान मुलांचा अभ्यास करत होती. मूल दीड-दोन वर्षांचं असताना ऑटिझमची लक्षणं घरातच कशी ओळखायची, आणि ओळखली तर पुढे त्या मुलात काय फरक पडतो, हा तिचा विषय. एकाच मुलाकडे ती वर्षानुवर्षं जात राहायची. त्या दिवशी जो जो बोलायला उठला तो म्हणाला, "भाऊ कायम बाईंच्या सोबत असायचे. त्यांचा मोठा आधार होता." मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखाने.

मी सोबत असायचो हे खरं आहे. वीज कंपनीत लाइनमन होतो. निवृत्त झाल्यावर तिच्याबरोबर जाऊ लागलो. मला तिथे एक काम होतं. सुनेला काही विचारलं की घरातली मोठी माणसंच उत्तर देतात. पोरगं हाक मारल्यावर बघतं का? आजोबा म्हणणार, बघते. बोटाने दाखवतं का? दाखवते. सगळंच करते. आई गप्प. म्हणून दीपमालाने पद्धत पाडली होती. जिजाबाईंनी बायकांना मागच्या दारी न्यायचं, मी पुरुषांना अंगणात धरून ठेवायचं, आणि तिने आत आई आणि लेकराजवळ बसायचं. मला एकच अट होती.

"लेकराबद्दल एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणायची. "कापूस बोला, तूर बोला, लाइन बोला. लेकरू नाही."

लाइनमन म्हटल्यावर विषयाची अडचण नव्हती. लोक मला चहा पाजून शिव्या द्यायचे. रात्रीच लाइन काऊन देता, साप चावला तर कोण येणार, ट्रान्सफॉर्मरची डीपी जळाली तर महिनाभर कोणी फिरकत नाही. मी ऐकून घ्यायचो. मला ते काम आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी गिरडच्या अलीकडे एका गावात लक्ष्मणरावांच्या घरी गेलो. त्यांची नात नंदिनी तेव्हा बावीस महिन्यांची होती. आत दीपमालाने तिच्या आईला, जयाला, समोर बसवलं. मी अंगणात बाजेवर लक्ष्मणरावांजवळ बसलो.

"या लाइनवाले," ते म्हणाले. "तुमच्या लाइनीनं माह्या दोन मोटरी खाल्ल्या."

"तिसरी घेऊ नका मग."

ते हसले. थोडा वेळ आम्ही मोटरींबद्दल बोललो. मग ते एकदम थांबले. आतून दीपमालाची हाक येत होती, "नंदिनी... नंदिनी..." आणि लेकरू काही ओ देत नव्हतं. लक्ष्मणराव ती हाक ऐकत होते. त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

"बाई काय पाहून राह्यल्या जी?" त्यांनी विचारलं. "आमची नात मुकी निघन का?"

मला ते पाहवलं नाही. मी म्हणालो, "नाई हो. काई नाई. माझा लहान भाऊ पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाई. आता तलाठी आहे, बोलणं थांबवावं लागते त्याचं."

माझा भाऊ तलाठी आहे. पण तो तिसऱ्या वर्षी बोलायला लागला होता. पाच मी आपल्या मनाने केलं.

"खरं म्हणता?"

"खरं. काळजी करू नका."

त्यांनी कप खाली ठेवला, तोंडावरून हात फिरवला. मला बरं वाटलं. मी काहीतरी चांगलं केलं असं वाटलं.

त्याच वेळी आत दीपमाला जयाला सांगत होती की मुलीत लक्षणं दिसतात, वर्ध्याला घेऊन ये, आत्तापासून सुरू केलं तर खूप फरक पडेल.

ते आले नाहीत. महिन्याने आम्ही गेलो तर दार बंद. नंतर दीपमाला जिजाबाईंना घेऊन गेली. लक्ष्मणराव दारातूनच म्हणाले, "बाईले कागद भराले लेकरं लागतात. आमची पोरगी चांगली हाय." परतल्यावर दीपमाला जेवली नाही. तिने मला विचारलं, "अहो, त्या दिवशी अंगणात लक्ष्मणराव तुमच्याशी काही बोलले होते का?"

मी म्हणालो, "मोटरीचं बोलले."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटलं, इतकी घरं आहेत, एक विसरेल.

ती गेल्यावर दीड महिन्याने रुपेश घरी आला. तो तिचा विद्यार्थी. आता काम तोच पुढे चालवतो. कपाटातल्या फायली लावताना तिची एक वही त्याच्या हाती आली. तो म्हणाला, "काका, मॅडमचा तो तीन महिन्यांचा नियम कुठून आला ते आज कळलं. आम्हाला कधी सांगितलं नव्हतं." आणि त्याने वाचून दाखवलं.

"नंदिनीचं घर माझ्या बोलण्यामुळे तुटलं. पहिल्याच भेटीत मी आईला सगळं सांगून टाकलं. यापुढे पहिल्या भेटीत काही सांगायचं नाही. तीन महिन्यांनी दुसरी भेट, ओळख झाल्यावर सांगायचं."

तो नियम मला माहीत होता. तो या घरामुळे आला हे माहीत नव्हतं. लेकराच्या या वयात एकेक महिना मोलाचा असतो, असं तीच आयांना सांगायची. मी खुर्चीवर बसलो आणि रुपेशला अंगणातलं सगळं सांगितलं. तो फायलींची पानं चाळून मोजू लागला.

"सहा वर्षं झाली, काका," तो म्हणाला. "या सहा वर्षांत लक्षणं सापडलेली एकतीस मुलं आहेत. त्या सगळ्या घरी आम्ही तीन महिने उशिरा सांगितलं."

त्याने मला दोष दिला नाही. नियम आजपासून बंद करतो एवढंच म्हणाला. मग विचारलं, "नंदिनी आता किती वर्षांची?"

दुसऱ्या दिवशी मी बसने गेलो. लक्ष्मणराव थकले होते, पण मला पाहून उठून उभे राहिले.

"या या, लाइनवाले. बाईचं कळलं जी. वाईट झालं." त्यांनी मला जवळ बसवलं. "त्याहिच्यावर माहा राग नव्हता. अन् तुमचे तं उपकार हायत. तुमच्या शब्दावर आमी धीर धरून राह्यलो."

नंदिनी ओसरीवर बसली होती. आठवं वर्ष संपत आलेलं. एका डब्याचं झाकण फरशीवर फिरवत होती. थांबलं की पुन्हा फिरवत होती. आमच्याकडे तिने पाहिलं नाही.

"पाच गेली, सहा गेली," लक्ष्मणराव म्हणाले. "अजून बोलत नाई. शाळेत बसत नाई. तुमचा भाऊ पाचव्यातच बोलला होता ना? ही जरा लेट हाय."

"लक्ष्मणराव, माझा भाऊ तिसऱ्या वर्षी बोलला. मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काऊन?"

"तुमचा हात थरथरत होता."

"मंग थरथरू द्यायचा होता," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

जया दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ आली, पदर सावरला, सरळ विचारलं, "बाईले हे माहीत होतं?"

"नाही."

"बाई मागच्या दारानं मले भेटाले आल्या होत्या. म्हणत होत्या, जया, माझं काय चुकलं ते सांग. मले घरात कोणी काई सांगतलं नव्हतं. जाऊ नको म्हणाले, बस. सासऱ्याचं नाव कसं घेऊ? मी म्हटलं, बाई तुमी लवकर बोलल्या." तिचा आवाज चढला. "त्या माफी मांगून गेल्या जी. माह्या पाया पडत होत्या. अन् खरं सांगाले तुमी त्याहिच्या घरीच होते."

मी हो म्हणालो. मग तिला रुपेशचा नंबर दिला, गुरुवारी वर्ध्याला यायला सांगितलं. उशीर झाला तरी अजून पुष्कळ करता येतं, खुणा शिकवता येतात, चित्रं दाखवून बोलायला शिकवता येतं, असं रुपेशने सांगितलेलं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमी येतो."

गुरुवारी मी आणि रुपेश पाच वाजेपर्यंत बसून राहिलो. कोणी आलं नाही. संध्याकाळी जिजाबाईंना फोन केला.

"म्हातारा अडून बसला भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हणते, तवा याच माणसानं 'काई नाई' म्हटलं, आता हाच 'हाय' म्हणते. उद्या अजून काई म्हणन. आता याच्या कोणत्या शब्दावर पोरीले बाहेर काढू? जया भांडली. नवरा बापाच्या बाजूनं हाय."

त्यानंतर मी तीनदा गेलो. दोनदा लक्ष्मणराव आतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्यांदा आले आणि म्हणाले, "लाइनवाले, तुमी चहा घ्या अन् जा. पोरीचं बोलू नका." मी चहा घेतला आणि आलो. जया आत होती. तिचा फोन नवऱ्याकडे असतो.

रुपेश म्हणतो, आता तुम्ही जाऊ नका, मी आणि जिजाबाई बघतो. ते अजून गेलेले नाहीत, पेरणीपर्यंत जमेल म्हणतात. नंदिनीची तपासणी झालेली नाही.